गोदीतल्या लोहारांचा माग

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं बंदर आहे. तिथे ‘ट्रिंकोमाली’ नावाचं एक लाकडी लढाऊ जहाज आजही पाण्यावर तरंगत उभं आहे. ते 12 ऑक्टोबर 1817 रोजी मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरलं. कोणी बांधलं, असं विचारलं तर उत्तर चटकन मिळतं: जमशेदजी बमनजी वाडिया. उत्तर बरोबरच आहे. वाडिया घराण्याने जवळजवळ दीडशे वर्षं या गोदीचं मुख्य कारागीरपद सांभाळलं आणि त्यांच्या कौशल्याबद्दल दुमत नाही. पण एवढं जहाज एका माणसाच्या हातून होत नाही. सागवान कापणारे, फळ्या बसवणारे, फटी बुजवणारे, दोर वळणारे, शिडं शिवणारे आणि लोखंड घडवणारे असे कितीतरी हात त्यासाठी लागले. त्यातल्या लोहारांची नावं कुठे आहेत, हा या लेखाचा प्रश्न आहे.

माझ्यासाठी तो नुसत्या कुतूहलाचा नाही. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, मुंबईच्या नौदल गोदीत कामाला होते. त्यांचे वडील, आमचे परदादा, त्याच गोदीत भट्टीवर होते. कोकणातल्या अनेक मुस्लिम घराण्यांत शजरा जपलेला असतो. कोणी अरबस्तानातून आलेल्या व्यापाऱ्याचे वंशज असतात, कोणी एखाद्या बुजुर्गाचे, कोणी सुलतानी काळातल्या काझीचे. आमच्या घरी शजरा नाही. जपला गेला तो एक पितळी बिल्ला, फुफीच्या बांगड्यांच्या डब्यात. त्यावर नाव नाही, फक्त आकडा आहे. “तुझ्या दादांचा आहे. गेटवर दाखवल्याशिवाय आत सोडत नसत,” एवढंच फुफी सांगते. नाव सापडेपर्यंत मी या आकड्याच्या मागे लागलो. त्या वाटेवर जे कळलं ते आपल्यातल्या अनेक घरांच्या उपयोगाचं आहे, म्हणून लिहितो.

आधी कोणती गोदी ते ठरवा

घरातली जुनी माणसं ‘गोदीत होते’ एवढंच म्हणतात. पण मुंबईत गोदी एक नाही. लायन गेटच्या आतली ती नौदलाची गोदी, सगळ्यांत जुनी. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून आपले सुतार घेऊन मुंबईत आले, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या याच गोदीत. पहिली सुकी गोदी 1750 मध्ये तयार झाली, पुढच्या दोन 1762 आणि 1765 मध्ये. 1807 ते 1810 या काळात डंकन गोदी बांधली गेली. सुकी गोदी म्हणजे दगडी बांधणीचा मोठा हौद. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचं, दार बंद करायचं, पाणी काढायचं आणि जहाजाचं पोट उघडं पाडून काम करायचं.

दुसरी गोदी व्यापारी बंदराची. बॉम्बे पोर्ट ट्रस्ट 1873 मध्ये स्थापन झाला आणि प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, अलेक्झांड्रा डॉक या त्याच्या गोद्या. 14 एप्रिल 1944 चा भयंकर स्फोट झाला तो व्हिक्टोरिया डॉकमध्ये. तिसरी माझगावची. तिथल्या माझगाव डॉकची कंपनी 1934 मध्ये झाली आणि 1960 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. हार्बर लाइनवरचं ‘डॉकयार्ड रोड’ स्टेशन माझगावच्या बाजूला आहे, त्यामुळे घरातल्या आठवणीत ‘डॉकयार्ड’ आलं की अनेकांची गल्लत होते.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण तीन गोद्यांची कागदपत्रं तीन वेगळ्या खात्यांची आहेत. बंदराच्या हमालाचा शोध नौदलाच्या कागदांत घेतला तर वर्षं वाया जातील. नौदलाच्या गोदीचंही खातं सारखं नाव बदलत राहिलं. कंपनीच्या काळात ते ‘बॉम्बे मरीन’ होतं, 1830 पासून ‘इंडियन नेव्ही’. 1863 मध्ये ते नौदल मोडलं आणि पुन्हा ‘बॉम्बे मरीन’ झालं. 1877 मध्ये ‘इंडियन मरीन’, 1892 मध्ये ‘रॉयल इंडियन मरीन’, 1934 मध्ये ‘रॉयल इंडियन नेव्ही’ आणि 26 जानेवारी 1950 पासून भारतीय नौदल. गेट तेच, भट्टी तीच, पण कागदाच्या माथ्यावरचं नाव दर पिढीला वेगळं. आमचे परदादा घरात ‘मरीनमधले’ म्हणून ओळखले जात आणि दादा ‘नेव्हीतले’. मी लहानपणी समजत होतो की दोघं दोन वेगळ्या ठिकाणी होते. खात्याच्या नावांचा हा क्रम समजल्यावर दोघं एकाच दारातून आत जात होते हे लक्षात आलं.

लाकडी जहाजात लोहाराचं काम काय?

हा प्रश्न मला वर्गात मुलंही विचारतात. जहाज सागवानाचं, मग लोखंड कशाला? मोठ्या लाकडी जहाजाचे सांधे धरून ठेवायला हजारो खिळे आणि लांबलचक बोल्ट लागतात. शिडाच्या डोलकाठ्यांना कडी, दोर ताणून धरणाऱ्या पट्ट्या, तोफगाड्यांचे बिजागर, साखळदंड, कड्या, आकडे, हे सगळं भट्टीतून येतं. वाकडं लाकूड मिळेनासं झालं तसे फासळी आणि डेक जोडणारे कोनही लोखंडाचे होऊ लागले. कोकणातल्या साध्या मचव्यालाही लोहार लागतो, मग चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजाला किती लागत असतील याचा अंदाज करता येईल.

मुंबईच्या जहाजांची कीर्ती सागवानामुळे झाली, असं आपण वाचतो. त्यात लोहाराचाही एक धागा आहे. इंग्लंडमध्ये जहाजं ओकच्या लाकडाची असत. ओकमधलं टॅनिन लोखंडाला खातं. खिळा आतल्या आत गंजतो आणि भोवतालचं लाकूडही काळं पडून कुजतं. सागवानात तेल असतं, ते खिळ्याला सांभाळतं. म्हणजे सागवानी जहाज टिकलं ते लाकूड आणि लोखंड एकमेकांशी नीट नांदले म्हणून. पाण्याखालच्या भागाला तांब्याचे पत्रे मारायची पद्धत सुरू झाली तेव्हा नवी अडचण आली. खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारी लोखंड ठेवलं की लोखंड झपाट्याने झिजतं. म्हणून पाण्याखाली तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट आणि वर लोखंडी, अशी वाटणी झाली. ही रसायनशास्त्राची गोष्ट आज आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. गोदीच्या माणसांनी ती कुजलेला सांधा उघडून शिकलेली होती.

सगळ्यांत अवघड काम नांगराचं. चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजाचा मोठा नांगर तीन टनांच्या पुढे भरे. एवढा लोखंडाचा एकसंध तुकडा तेव्हा मिळतच नव्हता. लोखंडाच्या सळ्यांची मोळी बांधायची, ती पांढरी होईपर्यंत तापवायची आणि घणांच्या घावांनी एकजीव करायची. एक माणूस भट्टीचा रंग पाहून वेळ सांगणार, बाकीचे ताल धरून घण मारणार. आत एक सांधा कच्चा राहिला तर वादळात नांगर तुटणार आणि जहाज खडकावर जाणार. इंग्लंडच्या चॅथम आणि पोर्टस्मथच्या गोद्यांत नांगर घडवणाऱ्या लोहारांचा मान म्हणूनच वेगळा होता.

आमच्या घरात गोदीच्या कामाच्या फार गोष्टी उरल्या नाहीत, पण शब्द उरले. भाता, ऐरण, घण, सांडशी, आणि पोलादाला ‘पाणी देणं’. वडील लोहार नव्हते, तरी सुरी बोथट झाली की “हिचं पाणी उतरलं” असंच म्हणत. घरातून धंदा गेला तरी बोली काही काळ मागे राहते. शोध घेणाऱ्याने ही बोली आधी लिहून घ्यावी, कारण तीही पुरावाच आहे.

नाव का सापडत नाही

राजेशाही आरमाराच्या इंग्लंडमधल्या गोद्यांत काम करणाऱ्या लोहाराचा पणतू आज लंडनजवळच्या किऊ इथल्या राष्ट्रीय पुरालेखागारात जाऊ शकतो. तिथे सतराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची गोद्यांची पगारपत्रकं आहेत, आणि त्यांत माणसागणिक नाव आहे. अमुक लोहार, अमुक साली, इतका पगार. मुंबईची गोदी मात्र राजाची नव्हती, कंपनीची होती. त्यामुळे तिचे कागद वेगळीकडे गेले: काही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात, काही मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेख संचालनालयात. आणि कंपनीच्या दप्तरात देशी कारागिरांची नोंद बहुतेक वेळा हुद्दा, संख्या आणि पगार एवढ्यावर भागते. इतके सुतार, इतके लोहार, इतके घण मारणारे, इतके भाता ओढणारे. साहेबाचं नाव असतं, मुख्य कारागिराचं असतं, बाकी आकडे.

यात वाडियांना दोष देण्याचं कारण नाही. उलट त्यांनी आपला इतिहास स्वतः जपला. त्यांच्याच घराण्यातले रतनजी अर्देशिर वाडिया यांनी ‘द बॉम्बे डॉकयार्ड अँड द वाडिया मास्टर बिल्डर्स’ हा ग्रंथ 1955 मध्ये लिहिला. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोन तरुण 1838 मध्ये जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले, चॅथमच्या गोदीत राहिले आणि 1841 मध्ये त्यांनी प्रवासवर्णन छापलं. अर्देशिर करसेटजी वाडिया वाफेच्या यंत्रांकडे वळले आणि 1841 मध्ये रॉयल सोसायटीचे सभासद झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईच्या वाफ कारखान्यात ते मुख्य अभियंता होते आणि युरोपीय कामगार त्यांच्या हाताखाली काम करत. ज्या समाजाने लिहून ठेवलं त्याची नावं राहिली. आपण लिहिलं नाही. लोहाराला लिहायला कोणी शिकवलं नव्हतं हे खरं, पण त्याच्या शिकलेल्या मुलानातवांनी तरी कुठे लिहिलं?

आपल्या बाजूनेही जी नावं राहिली ती जहाजाच्या वरच्या बाजूची. नाखवा, सारंग, तांडेल, दर्यावर्दी ही आडनावं आजही कोकणी मुसलमानांत अभिमानाने लावली जातात. मुंबईच्या जामा मशिदीचं काम 1775 ते 1802 या काळात झालं, त्यामागे कोकणी मुस्लिम व्यापारी होते आणि जहाजांचे मालक असलेल्या नाखुदांची नावं तिच्या इतिहासात आहेत. त्या मशिदीपासून हाकेच्या अंतरावर लोहार चाळ आहे. आज तिथे वायरी, दिवे आणि पंखे मिळतात. ‘लोहार’ हा शब्द पाटीवर राहिला आणि लोहार नाहीसे झाले. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा विषय निघाला की आपण दौलतखानाचं नाव घेतो, आणि घ्यावंच. पण त्या आरमारातल्या गलबतांचे खिळे कोणी घडवले, विजयदुर्गाजवळ गिर्ये इथल्या आंग्र्यांच्या गोदीत ऐरण कोणाची वाजत होती, असं आपण विचारत नाही. सरदार सापडला की आपलं समाधान होतं.

आडनावातून धंदा कसा गेला

नाव न सापडण्याचं दुसरं कारण आपल्याच घरात आहे. उर्दूत एक जुनी म्हण आहे, तिचा आशय असा: गेल्या वर्षी मी जुलाहा होतो, यंदा शेख झालो, धान्याचे भाव चढले तर पुढच्या वर्षी सय्यद होईन. हसायला ठीक आहे, पण यात एका समाजाची अख्खी कागदपत्रं पुसली गेली. मुंबईत आल्यावर, थोडे पैसे हाताशी आल्यावर, मुलगा शाळेत घालताना ‘लोहार’ गळालं आणि ‘शेख’ लागलं. आमच्याकडेही तसंच झालं. दादांच्या पिढीपर्यंत कागदावर ‘लोहार’ आहे. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ आहे आणि जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’.

शिक्षक म्हणून मी दरवर्षी जनरल रजिस्टर भरतो. धर्माचा रकाना वेगळा, जातीचा वेगळा, तरी आपले पालक दोन्हीकडे एकच शब्द सांगतात. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, शिकलगार यांना निदान आडनाव आठवण करून देतं. ज्यांचं आडनाव बदललं त्यांच्या मुलांना पुढे राज्याच्या यादीतल्या जातीचा दाखला हवा असतो. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला जातो, आणि तेव्हा घरात धावपळ सुरू होते. माझ्या एका चुलतभावाला एका कार्यालयातल्या बाबूने विचारलं, “मुसलमानांत कसली आली जात?” भावाने मान खाली घातली आणि परत आला. त्या बाबूला उत्तर देणं मला तेव्हा जमलं नसतं. आज देईन. इस्लाममध्ये जात नाही, पण मुसलमानांत धंदे होते, धंद्यावरून वस्त्या होत्या, सोयरिकी होत्या आणि धंद्यावरून हलकं लेखणंही होतं. ते हलकं लेखणं चुकवण्यासाठीच तर लोकांनी धंदा लपवला.

खरं तर दीनात लपवण्यासारखं काही नव्हतं. कुरआनात सत्तावन्नाव्या सूरहचं नावच ‘अल्-हदीद’, म्हणजे लोखंड. हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्या हातात अल्लाहने लोखंड मऊ केलं आणि ते चिलखतं घडवत, असं त्यात अन्यत्र येतं. हजरत नूह यांच्या जहाजाचा उल्लेख सूरह अल्-कमरमध्ये फळ्या आणि खिळे यांनीच होतो. म्हणजे सुताराबरोबर लोहारही त्या आयतीत हजर आहे. उत्तर भारतातल्या मुस्लिम कारागिरांवर अमांडा लँझिलो यांचं ‘पायस लेबर’ हे पुस्तक 2024 मध्ये आलं. वाफेची यंत्रं, रेल्वे कारखाने आणि छापखाने आले तेव्हा कारागिरांनी उर्दूत धंद्याची पुस्तकं काढली आणि आपलं कसब पैगंबरांच्या परंपरेशी जोडलं, हे त्यात दाखवलं आहे. अशराफांनी मान दिला नाही, तेव्हा कारागिरांनी तो स्वतः मांडला.

मोडीतली एक ओळ

कागदाची वाट आम्हाला उलटी चालावी लागली: मुंबईहून गावाकडे. वडिलांच्या पेटीत दादांच्या नोकरीचा एक कागद निघाला. त्यात त्यांच्या वडिलांचं नाव, गाव आणि धंदा होता. गाव खाडीकाठचं. तिथल्या जमातीच्या मशिदीत जुनी वही नव्हती, पण तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी होत्या. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून हे नमुने सगळ्यांना माहीत झाले. आपल्यातल्या फार थोड्यांच्या लक्षात आलं की त्याच वह्यांत मुसलमानही आहेत. नोंदी मोडीत आहेत. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, पण मोडी येत नव्हती, ती शिकून घेतली.

मोडी वाचता आली तरी नाव ओळखणं बाकी राहतं. लिहिणारा ऐकेल तसं लिहायचा. हुसैनचं ‘उसेन’, इब्राहीमचं ‘इब्राम’, मुहम्मदचं ‘महमद’. इंग्रज कारकुनाने याच नावांची वेगळीच मोडतोड केलेली असते. इथे उर्दू कामाला येते, कारण मूळ नाव काय असावं हे कानाला कळतं. एका पानावर परदादांच्या जन्माची ओळ सापडली. बापाच्या नावापुढे ‘लोहार’ हा शब्द स्पष्ट होता. मी ती ओळ फुफीला फोनवर वाचून दाखवली. तिने नाव दोनदा म्हणायला लावलं आणि मग फातिहा पढली. तिच्या आजोबांच्या वडिलांचं नाव तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

पुढचं जुळवणं सोपं होतं. परदादा मुंबईला आले तोपर्यंत शिडांची लढाऊ जहाजं संपली होती. मुंबईत बांधलेली पहिली आगबोट ‘ह्यू लिंडसे’ 20 मार्च 1830 रोजी इथून सुएझला निघाली, आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत लोहाराचं काम बदलत गेलं. खिळे आणि कडी जाऊन बॉयलरचे पत्रे, रिबिटं, नळ आले. काहींना रेल्वेच्या कारखान्यांनी ओढून घेतलं. दादा तर कागदावर फिटर झाले, पण बापाच्या भट्टीवर शिकलेले होते.

अभिमान किती आणि कशाचा

इथे एक अवघड गोष्ट बोललीच पाहिजे. मुंबईच्या गोदीतून 1813 मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ हे चौऱ्याहत्तर तोफांचं जहाज उतरलं. 29 ऑगस्ट 1842 रोजी अफूच्या युद्धात हरलेल्या चीनवर लादलेला नानकिंगचा तह याच जहाजावर सह्या होऊन पुरा झाला. ‘एशिया’ 1827 मध्ये नावारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचं जहाज होतं, आणि तिथे ते ज्या आरमाराशी लढलं ते तुर्क आणि मिसरी मुसलमानांचं होतं. ‘वेलस्ली’ 1815 मध्ये मुंबईत बांधलं गेलं आणि 1940 मध्ये जर्मन बॉम्बने बुडालं. आपल्या लोहारांनी घडवलेलं लोखंड साम्राज्याच्या कामी आलं. तोफ कोणावर रोखायची हे ठरवणारा माणूस भट्टीवर नव्हता, हे खरं. तरी ‘आमच्या पूर्वजांनी ब्रिटिशांची जहाजं बांधली’ हे वाक्य छाती फुगवून म्हणताना मला अडखळायला होतं.

दुसराही मोह टाळायला हवा. हल्ली आपल्याला उठसूट विचारलं जातं, तुम्ही मूळचे कुठले? मोडीतली ती ओळ खिशात घालून अशा प्रत्येकाच्या तोंडावर मारावी, असं मलाही वाटून गेलं. पण परदादांनी पन्नास वर्षं घण मारला तो कोणाला पुरावा द्यायला नव्हे, पोट भरायला. त्यांच्या कष्टाचं निष्ठेच्या प्रमाणपत्रात रूपांतर करणं म्हणजे त्यांचा पुन्हा एकदा आकडा करणं आहे. जातीच्या दाखल्याचं वेगळं. तो मुलांचा हक्क आहे, त्यासाठी कागद जरूर काढावा. बाकी त्यांचं नाव घ्यावं ते ते आपले होते म्हणून.

अभिमान वाटतो तो कसबाचा. तापलेल्या लोखंडाचा रंग बघून योग्य क्षण ओळखणारी नजर हे शिक्षण आहे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या दिलं गेलं. आपल्या समाजात शिक्षणाची परंपरा नव्हती असं भाषणांत सांगितलं जातं, त्यात आपण मदरसे आणि शाळाच मोजतो. भट्टी मोजत नाही.

ज्यांच्या घरात गोदी, कारखाना, गिरणी, रेल्वेचा वर्कशॉप यांची आठवण असेल त्यांना माझी विनंती आहे. सुरुवात घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईपासून करा. पुरुषांना हुद्दे आठवतात, बायकांना नावं आणि सोयरिकी आठवतात. नोकरीचा कागद, पेन्शनचं पुस्तक, रेशनकार्ड, निकाहनामा, बिल्ला, काहीही फेकू नका. गोदी कोणती ते ठरवा, साल ठरवा, मग त्या सालचं खातं. गावाकडे फेरफार, सातबारा आणि गाव नमुना 14 बघा. जमातीच्या आणि काझींच्या जुन्या वह्या वाळवीने खाण्याआधी फोटो काढून ठेवा. शाळेत नाव घालताना जातीच्या रकान्यात धर्म लिहू नका. मोडी शिकायला फार वेळ लागत नाही, रोज तासभर दिलात तर काही महिन्यांत हात बसतो. आमच्या शाळेत नववीच्या मुलांना मी या वर्षी एक प्रकल्प दिला आहे: आजोबांच्या वडिलांचं नाव आणि त्यांचं काम लिहून आणा. पस्तीस मुलांपैकी अकरा जणांनी आणलं. त्यात एक शिकलगार आहे, एक गवंडी, दोन खलाशी आणि एक पिंजारी. बाकीच्यांना दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर विचारायला सांगितलं आहे.